सगळ्या वायरी तांबड्या: अँबॅसिडरच्या बॉनेटखाली मी कसा फसलो

वडिलांची अँबॅसिडर मार्क टू सहा वर्षं कसबा बावड्यातल्या शेडमध्ये उभी होती. गेल्या दसऱ्याआधी ती बाहेर काढायचं मनावर घेतलं. दसरा चौकात राजघराण्याची जुनी मेबॅक मोटार येते तेव्हा अख्खं कोल्हापूर बघायला लोटतं; त्या दिवशी आपलीही म्हातारी रस्त्यावर असावी, एवढीच हौस. नवी बॅटरी घातली, गाडी सुरू झाली, पण चार्जिंगचा तांबडा दिवा काही विझेना.

ओळखीच्याच्या ओळखीनं एक वायरमन घरी आला. बॉनेट उघडून दोन मिनिटं डोकावला आणि म्हणाला, "मालक, हार्नेस आतनं पार जळालंय. डायनमा गेलाय, कटआउट बी गेलाय. समदं ओरिजनल बसवून देतो, काय काळजी करू नका." हार्नेस म्हणजे गाडीतल्या वायरींची जुडी, डायनमा म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणारा जनरेटर, आणि कटआउट म्हणजे त्या चार्जिंगवर ताबा ठेवणारी डबी, हे मला नंतर कळलं. त्यानं मीटर लावला नाही की एक वायर हलवून पाहिली नाही. मध्येच एका वायरीवर बोट ठेवून "ही कुठली, ठावं हाय न्हवं?" असं विचारलं. मला काडीचंही ठाऊक नव्हतं, तरी मी मान डोलावली. आता वाटतं, तो प्रश्न माझी परीक्षाच होती.

२२ हजार ठरले, १२ हजार आधी दिले. पावती मागायला संकोच वाटला. दहा दिवसांनी गाडी परत आली ती नवरीसारखी सजून. सगळीकडे चकचकीत काळी टेप, डायनमाला ताजा काळा रंग, आणि तांबडा दिवा गायब. मी खूश होऊन उरलेले पैसे तिथंच दिले.

दसरा झोकात झाला. कोजागरीला घरच्यांना घेऊन पन्हाळ्याला निघालो. वाघबीळ यायच्या आधीच हेडलाइट पिवळे पडले, मग काजव्यासारखे झाले, आणि चढाला गाडी थांबली ती थांबलीच. चांदणं होतं म्हणून निदान रस्ता दिसत होता. गाडी टोचन करून खाली आणली.

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरातल्या एका वयस्कर मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी टेपचा एक वेढा सोडला आणि हसले. आत सगळ्या वायरी तांबड्या, सगळ्या सारख्याच बारीक. "दादा, गाडीची भाषाच पुसून टाकली की ह्यानं," म्हणाले.

मग त्यांनी ती भाषा मला शिकवली. या गाड्यांचं वायरिंग लुकास या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीचं असतं. तपकिरी वायर म्हणजे थेट बॅटरीचा करंट, चावी बंद असली तरी जिवंत. पांढरी वायर चावी फिरवल्यावर जिवंत होते आणि ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या कॉइलला जाते. पांढरीवर काळी रेघ असेल तर ती कॉइलकडून डिस्ट्रिब्युटरला, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागाला. हिरवी म्हणजे पांढरीचाच करंट, पण फ्यूजमधून आलेला. काळी अर्थिंगची. डायनमावर दोन टोकं: मोठं डी, लहान एफ. डीला पिवळी, एफला पिवळीवर हिरवी रेघ, आणि दोन्ही कटआउटच्या त्याच अक्षरांवर जातात. रंग शाबूत असतील तर खोटं काम पटकन लपत नाही. एकाच रंगाचं बंडल आणलं की पैसेही वाचतात आणि पुढचा माणूसही गोंधळतो.

डॅशबोर्डमागे तर कहर होता. जुना हार्नेस तिथं तसाच होता, कुठंही जळालेला नाही. फायरवॉलच्या (इंजिन आणि डॅशबोर्डमधल्या पत्र्याच्या) पुढचा, म्हणजे मला दिसणारा तेवढाच भाग कापून नव्या वायरी जुन्यांना पिळ मारून जोडल्या होत्या. तपकिरी वायरीच्या जागीही तीच बारीक तार. त्या वायरीला या गाडीत फ्यूज नसतो आणि डायनमाचा २० अँपिअरच्या आसपासचा करंट तिथूनच जातो. तिचं आवरण मऊ पडलं होतं. डायनमा चालू असता तर कदाचित गाडी पेटली असती, हे ऐकून घाम फुटला.

आणि तो विझलेला दिवा? त्याचा बल्बच काढून घेतला होता! दसऱ्यापासून गाडी नुसत्या बॅटरीवर पळत होती. चावी फिरवली की हा दिवा आधी लागलाच पाहिजे, इंजिनानं वेग घेतल्यावर विझला पाहिजे. मी नुसतं विझणं पाहिलं, लागणं पाहिलंच नाही.

डायनमाही आमचा नव्हता. वडील लेथवर काम करायचे. गाडीच्या प्रत्येक पार्टवर त्यांनी 'र' अक्षर पंच केलं होतं. या रंगवलेल्या डायनमावर ते नाही, आत ब्रश झिजून संपलेले. आमचा बहुधा चांगलाच होता. तो तपासायला पाच मिनिटं लागली असती. डी आणि एफच्या वायरी काढायच्या, ती दोन टोकं तारेनं एकमेकांना जोडायची, मीटरची एक पिन तिथं आणि दुसरी बॉडीला. इंजिन आस्ते चालवलं की चांगल्या डायनमाचं व्होल्टेज चढायला लागतं. फक्त रेस मारायची नाही, २० व्होल्टच्या वर जाऊ द्यायचं नाही.

वायरमनचा फोन बंद आहे, आणि पैसे रोख दिल्यामुळे तक्रारीला जोडायला माझ्याकडे कागद नाही. ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांनी कुणाला बॉनेट उघडू देण्याआधी प्रत्येक जोडाचा फोटो काढा, वायरींना चिठ्ठ्या बांधा, पार्टवर खूण करा. काढलेला जुना माल परत देणार, हे पावतीवर लिहून घ्या. "ओरिजनल" म्हणणाऱ्याला एकच विचारा, डायनमाच्या डीवर कुठल्या रंगाची वायर येते?

मिस्त्रींनी रंगांप्रमाणे वायरिंग पुन्हा केलं, त्याचे १४ हजार वेगळे गेले. कोल्हापूर, इचलकरंजी, सांगली भागात जुन्या बाजारात पुलीच्या बाजूला 'र' पंच केलेला डायनमा कुणाला दिसला तर कळवा. मागाल ती किंमत देऊन घेईन.