सेकंडहँड प्लाझ्मा टीव्ही: गणपतीपासून आयपीएलपर्यंतचा वापर

जुलैत आमच्या एलईडी टीव्हीचा अर्धा पडदा काळा पडला. दुरुस्तीवाल्याने उघडून बघितलं आणि सांगितलं की बॅकलाइटबरोबर पॅनेलही गेलंय, नवीन पॅनेल टाकण्यापेक्षा नवीन टीव्ही घ्या. टीव्ही पाच वर्षंही चालला नव्हता. मग दुकानं पालथी घातली आणि शेवटी २०१२ सालचा ५० इंची, फुल एचडी पॅनासोनिक व्हिएरा प्लाझ्मा सेकंडहँड घेतला. गणपतीच्या आधी घरी आला, तो अजून रोज चालतो आहे. असा टीव्ही घ्यायचा विचार कुणाच्या मनात असेल, तर त्यांच्यासाठी सविस्तर लिहितो.

आधी प्लाझ्माच का, ते सांगतो. आम्ही गिरगावात चाळीतल्या दोन खोल्यांत राहतो. टीव्हीच्या बरोबर समोर बसायला जागा एका माणसापुरती. आई खिडकीपाशी खुर्चीत असते, मुलगा जमिनीवर लोळत बघतो, बायको स्वयंपाकघराच्या दारातून अर्धं लक्ष ठेवून असते. आमच्या बजेटमधल्या नव्या एलईडींमध्ये बहुतेक ठिकाणी व्हीए नावाच्या प्रकारचं पॅनेल होतं. समोरून चित्र छान, पण जरा बाजूला सरकलं की काळा रंग राखाडी होतो आणि चेहरे फिके पडतात. शोरूममध्ये हे कळत नाही, कारण तिथे सगळे समोर उभे राहूनच बघतात. प्लाझ्मात ही भानगडच नाही. प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, मागे दिवा नसतो. काचेच्या दोन थरांमध्ये बारीक कप्पे असतात, त्यात निऑन आणि झेनॉन वायू. वीज दिली की वायूतून अतिनील किरण निघतात आणि ते कप्प्यातल्या फॉस्फर नावाच्या लेपावर पडून लाल, हिरवा, निळा उजेड होतो. त्यामुळे दारातून बघा नाहीतर खिडकीतून, चित्र तेच.

आता हे तंत्रज्ञान बंद पडलं आहे, हे धरूनच चालायला हवं. पॅनासोनिकने डिसेंबर २०१३ मध्ये प्लाझ्माचं उत्पादन थांबवलं, सॅमसंग आणि एलजी २०१४ मध्ये बाहेर पडले. पायोनिअरचा कुरो, ज्याचं नाव आजही शौकीन आदराने घेतात, तो त्याच्याही आधी बंद झाला. म्हणजे बाजारात मिळणारा कुठलाही प्लाझ्मा दहा वर्षांहून जुना असणार. कंपनीकडून सुटा भाग मिळेल ही आशा ठेवू नका. पण जुना आहे म्हणजे संपला, असंही नाही. पॅनासोनिक आपल्या त्या काळच्या पॅनेलांचं आयुष्य एक लाख तास सांगत असे, म्हणजे तेवढ्या वापरानंतर उजेड निम्म्यावर येईल असा अंदाज. रोज आठ तास लावला तरी ते चौतीस वर्षं होतात. आधी आतले सर्किट बोर्ड दगा देतात, काच नाही.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी केली, तिथे मिळाले ते सेट एकतर ४२ इंची एचडी रेडी होते, नाहीतर बोर्ड बदललेले. ४२ इंची एचडी रेडी प्लाझ्माचं रिझोल्यूशन १०२४ बाय ७६८ असतं, जवळून बसणाऱ्याला ते जाणवतं. शेवटी एका ऑनलाइन जाहिरातीवरून मुलुंड पूर्वेला एका निवृत्त गृहस्थांकडे गेलो. ते मुलीकडे पुण्याला कायमचे निघाले होते. एकाच मालकाचा सेट, कधी न उघडलेला, मूळ रिमोट आणि स्टँडसकट. सेकंडहँड प्लाझ्मात एकच मालक असणं ही माझ्या मते सगळ्यात मोठी खात्री.

तपासणीचं मात्र सांगतोच. पेनड्राइव्हवर नुसत्या रंगांची चित्रं घेऊन जा: पूर्ण लाल, हिरवं, निळं, पांढरं, करडं आणि काळं. सिनेमाची क्लिप लावून काही कळत नाही, त्यात डाग लपतात. मी लाल चित्र लावलं आणि खाली एक आडवा, जरा गडद पट्टा दिसला. काका रोज संध्याकाळी बातम्या बघत, बातमीची पट्टी जिथे धावते तिथे फॉस्फर जास्त झिजला होता. उजव्या कोपऱ्यात चॅनेलच्या लोगोची पुसट चौकटही होती. काकांनी काही लपवलं नाही, उलट स्वतःच बोट ठेवून दाखवलं. पांढऱ्यावर पट्टा जेमतेम दिसत होता, करड्यावर थोडा, नेहमीच्या कार्यक्रमात अजिबात नाही. म्हणून घेतला. लाल रंगाशिवायही, म्हणजे चालू सिनेमात, डाग दिसत असेल तर तो सेट कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. काळं चित्र लावून खोलीत अंधार करून एखादा ठिपका सतत पेटलेला आहे का तेही बघा. आणि टीव्ही किमान अर्धा तास चालू ठेवायला सांगा. काही बिघाड सेट तापल्यावरच बाहेर येतात.

सर्व्हिस मेन्यूत, म्हणजे मेकॅनिकसाठीच्या छुप्या मेन्यूत, टीव्ही एकूण किती तास चाललाय तेही दिसतं. या सेटवर चौदा हजारांच्या आसपास होते. त्या मेन्यूत बघण्यापलीकडे दुसरं काहीही दाबू नका, कारखान्यातले व्होल्टेजचे आकडे तिथेच असतात.

साडेआठ हजारांना ठरला. छोटा हत्ती, दोन माणसं आणि हमाली धरून आणखी दोन हजार गेले. इथे एक गोष्ट अगदी ठामपणे सांगतो: प्लाझ्मा आडवा घालून आणू नका. स्टँड सोडूनही त्याचं वजन २५ किलोच्या आसपास असतं आणि त्यातलं बरंचसं काचेचं. आडवा ठेवून खड्ड्यातून नेला तर काचेवर ताण येतो. आम्ही दोन गाद्यांमध्ये उभा धरून, दोरीने आवळून आणला. चाळीचा लाकडी जिना वळणाचा आहे, तिथे दोघांनी खालून आणि एकाने वरून धरला तेव्हा चढला. भिंतीवर लावायचा विचार सोडूनच दिला होता, आमची भिंत तेवढं वजन पेलणारी नाही.

चित्राबद्दल किती लिहू? पहिल्या आठवड्यात कॉन्ट्रास्ट साठ टक्क्यांच्या आत ठेवला, रंग सिनेमा मोडवर टाकला आणि खोलीतली ट्यूब बंद करून रात्रीचा सिनेमा लावला. अंधारातला माणूस, अंधारातलीच भिंत, आणि दोघांमधला फरक स्पष्ट. आधीच्या टीव्हीवर तो सगळा भाग एकच करडा गोळा व्हायचा. काळा रंग अगदी शंभर टक्के काळा नाही, कप्पे पेटायला तयार राहावेत म्हणून त्यांत किंचित उजेड राहतोच. पण दिवे मालवलेल्या खोलीतही तो खुपत नाही. माणसांच्या कातडीचा रंग तर मला या पडद्यावर सगळ्यात खरा वाटतो. आमच्या आईने दुसऱ्याच दिवशी विचारलं, "अरे, या बाईंनी मेकअप कमी केला का रे?" मालिका तीच, बाई त्याच, फरक पडद्याचा.

क्रिकेट हा खरा कस. एलसीडी पडद्यावर (एलईडी टीव्हीही त्यातलाच) प्रत्येक फ्रेम पुढची येईपर्यंत तशीच धरून ठेवलेली असते, म्हणून कॅमेरा वळला की डोळ्याला चित्र माखल्यासारखं दिसतं. प्लाझ्मात ठिपका झटकन उजळतो आणि विझतो. डब्यावर ६०० हर्ट्झ लिहिलेलं असायचं त्याचा अर्थ सेकंदाला सहाशे चित्रं असा नाही. प्रत्येक फ्रेम दहा-बारा छोट्या चमकांत फोडून दाखवतात, त्याचा तो हिशेब. पण परिणाम खरा आहे. वानखेडेवर उंच मारलेला चेंडू प्रेक्षकांच्या गर्दीवरून जाताना आम्हाला शेवटपर्यंत दिसतो, आणि कॅमेरा वेगाने सीमारेषेकडे धावतो तेव्हा जाहिरातींच्या पाट्या वाचता येतात. शेजारची मुलं आयपीएलला आमच्याकडे येऊन बसायची. काहींना वेगवान दृश्यात कडांना पिवळसर-हिरवी झाक दिसते, तो फॉस्फर उशिरा विझण्याचा परिणाम. मला दिसत नाही, माझ्या मेव्हण्याला लगेच दिसली. म्हणून घेण्याआधी घरातल्या सगळ्यांनी एकदा बघावा.

साध्या चॅनेलचं चित्रही इथे बरं दिसतं. आपल्याकडे अजून कितीतरी मराठी चॅनेल सेट टॉप बॉक्सवर एसडीमध्ये, म्हणजे कमी रिझोल्यूशनमध्ये, बघितले जातात, आणि नव्या ४के पडद्यावर ते ताणून धूसर होतात. फुल एचडीवर तेवढं ताणावं लागत नाही. स्मार्ट सोयींसाठी एचडीएमआयला स्ट्रीमिंग स्टिक लावली आहे, १०८०पीमध्ये सगळं व्यवस्थित चालतं. मात्र स्टिकला टीव्हीच्या यूएसबीवरून वीज देऊ नका, ती पुरत नाही. तिचा अॅडॅप्टर वेगळा लावा.

आता त्रासाचं. दुपारी गॅलरीचं दार उघडं असेल तर पडद्यात आमचीच खोली दिसते. समोर काच आहे, ती चमकणारच. जाड पडदा शिवून घेतला तेव्हा दुपारचं बघणं सुसह्य झालं. ज्यांच्या घरी दिवसभर लख्ख ऊन येतं त्यांनी हा नाद सोडावा. बर्फ किंवा पांढरी पार्श्वभूमी आली की सगळा पडदा जरा मंद होतो. वीज मर्यादेत ठेवण्यासाठी प्लाझ्मा स्वतःच उजेड कमी करतो. एकदम जवळ जाऊन बघितलं तर अंधाऱ्या भागात बारीक मुंग्या वळवळताना दिसतात. सहा-सात फुटांवरून नाही दिसत. आणि गुणगुण. उजळ दृश्यात मागून हलकी भुणभुण ऐकू येते, आवाज बंद केला तरच लक्षात येते. ही सगळ्याच प्लाझ्मांची खोड आहे, आणि उंचावर ती वाढते, कारण काचेच्या आतला वायू बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाबाचा असतो आणि बाहेरचा दाब घटला की काचा पुरेशा दाबून धरल्या जात नाहीत. समुद्रसपाटीला राहणाऱ्या मुंबईकराचा इथे फायदाच.

विजेचा हिशेब प्लगला मीटर लावून बघितला. काळोख्या सिनेमात शंभर-सव्वाशे वॅट, दिवसाच्या मॅचला अडीचशेच्या पुढे. रोज पाच तास धरले तर महिन्याला २५ ते ३० युनिट. एवढ्याच आकाराचा एलईडी याच्या निम्म्यात भागवतो. आमच्या बेस्टच्या बिलात फरक फारसा जाणवला नाही, पण ज्यांचा वापर ३०० युनिटांच्या काठावर असतो त्यांना पुढच्या स्लॅबचा दर लागू शकतो. खरा त्रास मे महिन्यात झाला. एवढी वीज शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. रात्री मॅच संपेपर्यंत टीव्हीच्या वरची हवा चांगली तापलेली असायची आणि खोलीत पंखा पाचवर लागायचा. मागे आणि वर वीतभर मोकळी जागा सोडाच, कापड किंवा शोभेची वस्तू वर ठेवू नका.

डाग पडण्याबद्दल लोक फार घाबरतात. मॅचनंतर स्कोअरची पट्टी काळ्या पडद्यावर पुसट दिसते, ती अर्ध्या तासात दुसरं काही लावलं की जाते. ही तात्पुरती छाया, कायमचा डाग नव्हे. कायमचा डाग त्याच जागी महिनोन्‌महिने तेच चित्र ठेवल्याने पडतो. आम्ही एकच चॅनेल सतत लावून ठेवत नाही, पॉज करून उठत नाही आणि चौकोनी जुने सिनेमे सलग बघत नाही, कारण दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या कमी झिजतात आणि मधला भाग जास्त. काकांच्या बातमीपट्टीचा डाग आता लाल चित्रावरही बराच फिका झालाय, कारण बाकीचा पडदाही थोडा थोडा त्याच्या बरोबरीने वापरला जातोय.

दुरुस्तीची अजून वेळ आली नाही. तरी लॅमिंग्टन रोडच्या एका जुन्या टीव्ही मेकॅनिककडून सेट एकदा उघडून साफ करून घेतला. मुंबईच्या दमट हवेत धूळ बोर्डाला चिकटून बसते. कपॅसिटर फुगलेले नाहीत, हे त्यांनी दाखवलं. पाठ स्वतः उघडू नका, पडद्याच्या कप्प्यांना वीज पुरवणाऱ्या सस्टेन बोर्डावर दोनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. बिघाड झालाच तर पुढचा लाल दिवा ठरावीक वेळा लुकलुकतो, ते मोजून ठेवा आणि मेकॅनिकला सांगा. कुठला बोर्ड गेला त्याचा अंदाज त्यावरून येतो. त्यांनीच मला सांगितलं की काच फुटलेला याच मॉडेलचा सेट भंगारात दिसला तर लगेच उचला, त्यातले बोर्ड आता दुसरीकडे कुठे मिळायचे नाहीत. तसा एक पॉवर बोर्ड त्यांच्याकडूनच हजार रुपयांत घेऊन कपाटात ठेवला आहे. वाय आणि एक्स सस्टेन बोर्डांच्या शोधात आहे. तुमच्या घरी किंवा ओळखीत २०१२ च्या पिढीचा ५० इंची व्हिएरा फुटून पडला असेल, तर भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर नीट लिहून ठेवा आणि बोर्ड सुटे काढून घ्या. अशा सेटमध्ये काच सोडून बाकीचं बहुतेक सगळं दुसऱ्या कुणाच्या तरी टीव्हीला लागू शकतं.