रिद्दारहूसेत, स्टॉकहोम : उमरावांच्या संस्थेचं घर, वेळ काढून बघाच

स्टॉकहोमला आलेले आपले लोक राजवाडा बघतात, वासा जहाज बघतात, गामला स्तान या जुन्या भागाच्या गल्ल्यांत फोटो काढतात आणि परत जातात. राजवाड्यापासून चालत काही मिनिटांवर रिद्दारहूसेत आहे, म्हणजे स्वीडनच्या सरदार-उमरावांच्या संस्थेची इमारत, तिकडे कोणी फिरकत नाही. मी पण इतकी वर्षं नुसती बाहेरून जायचे. यंदा आईबाबा आले होते आणि बाबांना असल्या गोष्टींचं वेड, त्यामुळे जाणं झालं, आणि खरं सांगते, या शहरात मला इतकं आवडलेलं दुसरं काही नाही.

संस्थेचे नियम 1626 साली गुस्ताव दुसरा आडोल्फ या राजाने घालून दिले. इमारतीचं बांधकाम 1641 ते 1672 असं तीस वर्षं चाललं. पहिला आर्किटेक्ट सिमोन द ला व्हाले, त्याला 1642 मध्ये एका उमरावानेच भर चौकात मारलं, आणि शेवटी काम पूर्ण केलं ते त्याच्या मुलाने, जाँने. बाहेरूनच लाल विटा आणि फिकट दगडाचे खांब बघत आम्ही किती वेळ उभे होतो.

पण खरी जागा म्हणजे वरचा मोठा हॉल. भिंती खालपासून वरपर्यंत तांब्याच्या रंगवलेल्या पत्र्यांनी भरलेल्या, प्रत्येक पत्र्यावर एका घराण्याचं चिन्ह नि नंबर, असे 2,300 च्या वर. आत शिरल्यावर आई एकदम गप्पच झाली. त्यातली बहुतेक घराणी आता संपलीत, सहाशेच्या वर काही उरलीत, पण पत्रा कोणाचाच काढलेला नाही. आम्ही लिनियसचा शोधून काढला, तोच तो झाडांना दोन शब्दांची लॅटिन नावं देणारा. त्याच्या चिन्हात लाल, हिरवा, काळा असे तीन भाग, निसर्गाच्या तीन राज्यांचे, मधे अंडं आणि वर त्याचं लाडकं लिनिया फूल. मुलगा 1783 मध्ये वारला आणि तिथेच ते घराणं थांबलं. स्वेन हेडिनचाही आहे, तिबेट पालथा घालणारा प्रवासी. 1902 मध्ये त्याला उमराव केलं, त्याच्यानंतर स्वीडनमध्ये कोणालाच नाही. तोही बिनलग्नाचा गेला. छतावर एरेनस्ट्राल या चित्रकाराचं भलंमोठं चित्र आहे, ते मान दुखेपर्यंत बघा.

आणि या हॉलमध्ये काय झालंय ते माहीत असेल तर अंगावर काटा येतो. पूर्वी संसदेत चार वर्ग बसायचे, उमराव, पाद्री, शहरी लोक आणि शेतकरी, त्यातले उमराव इथे बसायचे. डिसेंबर 1865 मध्ये ही पद्धतच बंद करायचा ठराव आला, तो आणणारा लुई द येर स्वतः बॅरन, आणि 361 विरुद्ध 294 मतांनी उमरावांनी आपली सत्ता आपल्या हातांनी सोडली. बाहेर लोक निकालाची वाट बघत होते. आणि याच इमारतीबाहेरच्या चौकात 1810 मध्ये फेर्सन नावाच्या बड्या सरदाराला जमावाने मारून टाकलं होतं. दोन्ही गोष्टी एवढ्याशा जागेत.

2003 पासून ही संस्था पूर्ण खाजगी आहे, कायद्यात उरलेसुरले हक्कही तेव्हा गेले. आता वंशावळी सांभाळणं, घराण्यांच्या लोकांना फंडातून मदत नि स्कॉलरशिप देणं, दर तीन वर्षांनी सभा, असं काम चालतं. मला हे मनापासून पटलं. आमच्याकडे कुलकर्णी वतन होतं, 1950 च्या कायद्याने गेलं, गेलं ते बरंच झालं असं बाबा स्वतः म्हणतात, पण घरातली मोडीतली सनद पेटीत पडून आहे आणि ती वाचता येणारं घरात कोणी उरलं नाही. हॉलमधून निघताना ते म्हणाले, "हक्क गेला तरी कागद सांभाळायला काय हरकत होती गं आपल्याला." त्यावर मला बोलायला सुचलंच नाही.

एक गोष्ट मात्र खटकली. उमरावपण फक्त मुलाकडून पुढे जातं. मुलगी जन्माने उमराव, पण तिच्या मुलांना ते मिळत नाही. इतक्या पुढारलेल्या देशात हे अजून तसंच आहे. आमच्या कुलवृत्तांतातही हेच, आत्यांच्या नावापुढे नुसतं "विवाहित", त्यांच्या मुलांचा पत्ता नाही. माझ्या मते दोन्हीकडे हे बदलायला हवं. याचा अर्धा स्टार कापतेय, म्हणून साडेचार.

जायचं असेल तर वेळ त्यांच्या साइटवरच बघा, कारण आठवड्यातल्या कामाच्या दिवशी आणि तेही थोडाच वेळ उघडं असतं. आम्ही पहिल्यांदा एका ट्रॅव्हल ॲपवरची वेळ बघून शनिवारी गेलो आणि बंद दारावरून परत आलो, आईचे गुडघे दुखत असताना. गामला स्तान मेट्रो स्टेशनवरून चालत जाता येतं. नंबरवरून पत्रा शोधायचा असेल तर घाई करू नका, आणि आपल्या आवडीच्या दोनतीन घराण्यांचे नंबर घरूनच लिहून न्या.