डर्बीची मिनर्व्हा: काही महिन्यांच्या वापरानंतर

इंग्लंडमधील डर्बीच्या कारखान्यात 1765 च्या सुमारास घडवलेली मिनर्व्हाची, म्हणजे विद्या आणि युद्ध यांच्या रोमन देवतेची, पोर्सेलीनची (तलम चिनी मातीची) मूर्ती मी गेल्या हिवाळ्यात एका लिलावात घेतली आणि तेव्हापासून ती आमच्या मिडलंड्समधील घरात काचेच्या कपाटात उभी आहे. उंची फुटाहून थोडी अधिक. डोक्यावर तुरा लावलेले शिरस्त्राण, अंगात चिलखत, बाजूला मेडुसा या सर्पकेशी राक्षसिणीच्या मुखवट्याची ढाल आणि पायाशी पुस्तकांच्या चळतीवर बसलेले घुबड. उजव्या मुठीतला भाला केव्हाच नाहीसा झाला आहे. या नमुन्याच्या पुष्कळ मूर्तींचा तो गेलेलाच असतो. इतके महिने तिला जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, अशा मूर्तीची पारख चेहऱ्यावरून होत नाही, ती पाठीवरून आणि बुडावरून होते.

मूर्ती आडवी करून पाहिली की तळावर गडद गोलसर डाग दिसतात. झिलईच्या भट्टीत मूर्ती मातीच्या लहान गोळ्यांवर टेकवून ठेवत असत, त्यांच्या या खुणा आहेत. विल्यम ड्यूझबरी 1756 मध्ये या कारखान्यात आले. त्यानंतरच्या डर्बीच्या मूर्तींवर त्या वारंवार आढळतात आणि, त्या काळातील मूर्तींवर कारखान्याची मुद्रा सहसा नसल्यामुळे, मुद्रेचे काम त्याच करतात. आतला पोकळ भाग गुळगुळीत आहे, कारण मातीचा पातळ घोळ साच्यात ओतून ही मूर्ती घडवली आहे. पूर्व लंडनजवळच्या बो कारखान्यात मात्र माती साच्यात दाबून भरत, त्यामुळे तिथल्या मूर्ती हाताला जड लागतात.

मुद्रेवर भिस्त ठेवणाऱ्यांची सर्वांत मोठी पंचाईत लंडनच्या चेल्सी कारखान्याच्या बाबतीत होते. तिथली मुद्रा म्हणजे जहाजाचा नांगर. त्यातला अस्सल तांबडा नांगर, म्हणजे 1752 ते 1756 या काळातला, इतका बारीक असतो की तो शोधावा लागतो. याउलट ठळक, मुद्दाम नजरेत भरेल असा सोनेरी नांगर दिसला की मला आधी पॅरिसच्या सॅमसनच्या कारखान्याची आठवण होते. 1845 मध्ये सुरू झालेल्या त्या कारखान्याने जुन्या नमुन्यांच्या असंख्य प्रतिकृती केल्या. पण त्यांचे पोर्सेलीन कठीण जातीचे असल्यामुळे त्याचा पांढरेपणा थंड आणि काचेसारखा दिसतो, तर चेल्सी, बो आणि डर्बी येथील मऊ जातीच्या पोर्सेलीनवर झिलई साईसारखी पसरलेली भासते.

आमच्या मूर्तीच्या बैठकीवरील वळणदार नक्षीत हिरवट निळा रंग आहे. काही ठिकाणी तो तपकिरी पडून मळकट दिसतो, आणि तो त्या काळच्या डर्बीचा ओळखीचा दोष आहे. मला तो खटकत नाही, उलट दिलासा देतो. चेहरा युद्धदेवतेचा मुळीच वाटत नाही. पाहुणे उशिरा आल्यामुळे किंचित नाराज झालेल्या घरधनिणीचा तो आहे, आणि ते एका परीने शोभतेही, कारण अशा मूर्तींची परंपराच मुळी मेजवानीच्या टेबलावर मांडल्या जाणाऱ्या साखरेच्या मूर्तींपासून सुरू झाली.

तक्रार आहे ती वर्णनाबद्दल. लिलावाच्या यादीत 'किरकोळ डागडुजी' एवढेच लिहिले होते. घरी अतिनील दिव्याखाली पाहिले, तेव्हा मान आणि डावा खांदा यांवरचा नवा रंग वेगळाच चमकू लागला आणि शिरस्त्राणाचा तुरा तर पूर्णपणे नवा बसवलेला निघाला. उन्हाळ्याच्या लख्ख प्रकाशात आता मानेचा रंग उरलेल्या अंगापेक्षा पिवळसर दिसतो, कारण भट्टीत न भाजलेला हा रंग काळाबरोबर पिवळा पडतो. बोलीच्या रकमेवर जवळपास चौथा हिस्सा कमिशन आणि त्यावर कर मोजणाऱ्या ग्राहकाला एवढी माहिती आधी मिळायला हवी. तरीही किंमत काही शे पौंडांच्या पुढे गेली नाही. गेल्या काही दशकांत साध्या डर्बी मूर्तींचे भाव बरेच उतरले आहेत, त्यामुळे गुंतवणूक म्हणून त्यांच्याकडे पाहण्यात मला अर्थ दिसत नाही.

निगा फारशी लागत नाही, पण ती नेमकी लागते. पाण्यात बुडवणे पूर्णपणे टाळावे, कारण पाणी छिद्रातून पोकळीत शिरते आणि जुने जोड सैल होतात. रंगकामाचा मऊ कुंचला पुरतो. उचलताना दोन्ही हात बैठकीला असावेत, दंडाला कधीच नाही. बोटे, तुरे आणि मूर्तीमागचे पानाफुलांचे झाड यांचे टवके सर्वांत आधी उडतात. म्हणून झाड असलेली मूर्ती पूर्ण अखंड असल्याचे कोणी सांगितले, तर एकेक पान तपासावे.

नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी डर्बीची मिनर्व्हा किंवा समुद्रदेव नेपच्यून यांपैकी एखादी सुचवेन, कारण हे नमुने बाजारात पुन्हा पुन्हा येतात आणि शेजारी ठेवून तुलना करता येते. बोच्या 1750 च्या सुमाराच्या म्यूझ देवतांचे, म्हणजे ग्रीक कलादेवतांच्या मूर्तींचे, प्रकरण वेगळे आहे: जड पापण्या आणि मागे गेलेली हनुवटी यांवरून ओळखू येणाऱ्या त्या मूर्तींच्या कारागिराचे नावही माहीत नाही, आणि त्या क्वचितच विक्रीला येतात. त्या विकत घेण्याचा विचार करण्याआधी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात लेडी शार्लट श्रायबर यांनी 1884 मध्ये दिलेला संग्रह पाहून यावा. मीही सध्या तेवढ्यावरच थांबलो आहे.