जांघेतली फुटकी धमनी: बांधायची की जोडायची?

नशेची इंजेक्शनं टोचून टोचून हाताच्या शिरा दोरीसारख्या कडक झाल्या की सुई जांघेकडे वळते. तिथे शिरेला खेटूनच धमनी असते. नेम चुकला की तिला भोक पडतं, जंतू शिरतात, धडधडणारी गाठ येते. गळू समजून ती कापली तर रक्ताचा फवाराच.

एक मार्ग म्हणजे सडका भाग काढून धमनी बांधून टाकणं. ऐकायला क्रूर, पण आजूबाजूच्या लहान वाहिन्यांवर पाय बहुधा तगतो. चालताना पोटरी मात्र दुखते.

दुसरा मार्ग बायपास: कृत्रिम नळी किंवा रुग्णाचीच शीर जोडून रक्ताला वळसा देणं. त्याने रक्त लगेच पोचतं, पण कृत्रिम नळीत पुन्हा पू होण्याची भीती, आणि स्वतःची धड शीर उरलेली असतेच कुठे? मला बांधणंच बरं वाटतं. पाय गार, निळा पडू लागला तर मात्र बायपासच.