कच्च्या आहाराची यंत्रे: दहा महिन्यांनंतर, बेळगावच्या पावसासकट

जूनमध्ये घेतलेली यंत्रे आणि आता एप्रिल. एक अख्खा पावसाळा, एक थंडी आणि उन्हाळ्याची सुरुवात एवढ्या काळात ती रोज चालली आहेत. घर टिळकवाडीत, माणसे चार. सकाळचा रस रोज आणि दिवसातले एक जेवण पूर्ण कच्चे. हवेचा उल्लेख मुद्दाम केला, कारण जुलैत आपल्याकडे मिठाला पाणी सुटते आणि कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी येते. कोरड्या गावात उत्तम ठरलेले यंत्र इथे तसेच वागेल असे नाही, आणि खानापूरच्या बाजूला तर पाऊस आणखी जास्त.

कच्चा आहार पाळणारे साधारण 46 ते 48 अंशांच्या वर काही तापवत नाहीत. तेवढ्यासाठी लगेच मोठी खरेदी करायचे कारण नाही. कोशिंबीर, पचडी, रामनवमीची कोसंबरी, चैत्रातली कैरीची डाळ, भाकरीबरोबर मेथीची कच्ची पाने आणि हक्करकी ही कच्ची खायची पालेभाजी हे सगळे सीमाभागातल्या मराठी-कन्नड घरांत आधीपासून आहेच. त्याला विळी, किसणी, खवणी आणि पंचा पुरतो. पहिला महिना एवढ्यावरच काढा. काय रोज खाल्ले जाते ते त्यात कळते आणि त्याप्रमाणे यंत्र निवडता येते.

आधी स्लो ज्यूसर, म्हणजे भाजी-फळे सावकाश दाबून रस काढणारे यंत्र, कारण सगळे त्यापासूनच सुरू करतात. आमचा 200 वॅटचा आहे, त्याचा स्क्रू मिनिटाला 60 फेरे फिरतो. एक किलो गाजरातून 500 ते 600 मिलिलीटर रस निघतो, फेस कमी, चोथा जवळजवळ कोरडा. पालेभाज्यांत तर याला तोड नाही. मिक्सरमध्ये पालक फिरवून पंच्यातून पिळला की हिरवा फेस जास्त हाती येतो, इथे रस येतो. मात्र भाजी घालण्याची रीत बदलावी लागते. गाजर, बीट बोटाएवढे उभे कापा. पालेभाजीचे देठ दोन-तीन सेंटीमीटरचेच ठेवा, नाहीतर लांब धागे स्क्रूभोवती गुंडाळतात, जाळी बंद होते आणि रस वरच्या झाकणातून बाहेर यायला लागतो. मूठभर पाला, मग गाजराचा तुकडा, मग पुन्हा पाला असे आलटून पालटून घातले की कडक तुकडा धागे पुढे ढकलतो. आवळ्याची बी काढल्याशिवाय आत टाकू नका, स्क्रूला तडा जातो. बर्फही नको. केळे, पिकलेला आंबा यांचा रस निघतच नाही, नुसता लगदा जाळीत बसतो.

यंत्र अडकले तर आधी पूर्ण बंद करा, मोटर थांबली की तीन-चार सेकंद उलटे फिरवा, पुन्हा थांबवा आणि मगच सुलटे. चालू मोटरला उलटी दिशा दिली की गिअरवर ताण येतो. सलग पंधरा-वीस मिनिटांच्या वर चालवायचे नाही. नवशिक्यांची नेहमीची गडबड म्हणजे चोथ्याच्या वाटेवरचे सिलिकॉनचे बूच. धुताना ते उघडतो आणि लावायचे राहते, मग अर्धा रस चोथ्याच्या भांड्यात जातो.

धुवायला सहा-सात मिनिटे लागतात, आणि रस काढल्या काढल्या धुवायला हवे. गाजराचा धागा जाळीत एकदा वाळला की ब्रशने निघत नाही, तासभर भिजवावे लागते. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर जाळीवर साचतो. पंधरा दिवसांतून एकदा लिंबूफूल घातलेल्या पाण्यात अर्धा तास बुडवले की जातो. गाजराचा केशरी डाग प्लॅस्टिकवर राहिला तर खोबरेल तेलाचा बोळा फिरवा. पावसाळ्यात यंत्र धुऊन लगेच जोडून ठेवू नका. जुलैत आमच्या सिलिकॉनच्या रिंगखाली काळे ठिपके आले, ते बुरशीचे होते. रिंग बदलावी लागली. तेव्हापासून सगळे भाग सुटे, उपडे, टॉवेलवर ठेवतो आणि जोडणी सकाळीच.

सुट्या भागांची मात्र अडचण आहे. जाळीच्या कडेला सहाव्या महिन्यात तडा गेला. नवी जाळी बेळगावात मिळाली नाही, मागवायला तीन आठवडे लागले. म्हणून घेताना रिंग आणि जाळी एकेक जादा घ्या. दहा-पंधरा हजारांचे यंत्र साडेतीनशे रुपयांच्या भागासाठी पडून राहणे बरोबर नाही.

याउलट मिक्सर. वायसर, बुश (भांड्याच्या बुडातली, पात्याची दांडी जिच्यात फिरते ती नळी), कपलर (मोटर आणि पाते जोडणारा भाग) हे सगळे इथल्या मिक्सर दुरुस्तीच्या दुकानात मिळते आणि तासाभरात बसवून देतात. म्हणून कच्च्या आहारालाही पहिले यंत्र म्हणून मी 750 वॅटचा चांगला मिक्सरच सांगेन. शेंगदाण्याचे दूध: 100 ग्रॅम दाणे आठ तास भिजवा, साले चोळून काढा, 400 मिलिलीटर थंड पाण्यात दोनदा फिरवा, पंच्यातून पिळा. सुरकुतलेला, काळपट किंवा बुरशीचा वास येणारा दाणा आधीच वेचून टाका. कच्च्या दाण्यात तो धोका खरा आहे, धुतल्याने बुरशीचे विष जात नाही. ओल्या नारळाला एका नारळामागे दोन कप पाणी. मिक्सर मिनिटाला हजारो फेरे फिरतो, तीन मिनिटे सलग चालवला तर भांडे हाताला गरम लागते. तीस सेकंद फिरवा, तीस सेकंद थांबा, पाणी फ्रिजमधले घ्या. जवस-खोबऱ्यासारखे घट्ट वाटण करताना मोटर अचानक थांबली तर घाबरू नका. खाली लाल बटण असते, ते ओव्हरलोडचे. पाच मिनिटे थांबून दाबा, पाणी वाढवा. भांड्याच्या बुडाशी काळसर ओघळ दिसला की बुश गेला असे समजा. ते वाटण टाकून द्या आणि बुश बदलून घ्या.

आता ड्रायर, म्हणजे भाज्या-फळे वाळवायचे यंत्र. आपल्या भागात सगळ्यात विचार करून घ्यायची वस्तू हीच. मार्च ते मे गच्चीवर पातळ मलमल टाकून जे वाळते त्याला यंत्राची गरज नाही. खरी गरज जूनपासून ऑक्टोबरपर्यंत, आणि नेमके तेव्हाच यंत्र हळू चालते. ड्रायर हवेतली वाफ काढून घेत नाही, हवा फक्त तापवतो. जुलैची 24 अंशांची, 95 टक्के आर्द्रतेची हवा 46 अंशांवर नेली की तिची आर्द्रता 28 टक्क्यांच्या आसपास येते. एप्रिलच्या दुपारची 36 अंशांची, 25 टक्क्यांची हवा तेवढीच तापवली तर 15 टक्के. त्यामुळे जवसाची जी चकती एप्रिलमध्ये दहा तासांत कुरकुरीत होते, तिला जुलैत सोळा तास लागतात.

उपाय आहेत. पहिला दीड तास 60 अंशांवर ठेवा, मग 46 वर आणा. सुरुवातीला पाणी भरपूर असते, ते उडताना पदार्थ गार राहतो, म्हणून हवा 60 असली तरी आतला भाग त्याहून बराच खाली असतो. असे केल्याने ओला पदार्थ कोमट अवस्थेत फार वेळ राहत नाही. तसा राहिला तर आंबतो किंवा त्याला तार सुटते. वरचा भाग कोरडा पडायला लागला की मात्र तापमान उतरवलेच पाहिजे. पावसाळ्यात ट्रे अर्धेच भरा, काप दोन मिलिमीटरचे ठेवा आणि यंत्र स्वयंपाकघरात ठेवू नका. कुकरच्या शिट्टीची वाफ तो आत ओढून घेतो.

डायलवर विसंबू नका. आमच्या यंत्रात डायल 45 वर असताना आत खुपसलेला थर्मामीटर 43 ते 52 दाखवत होता. दोन-तीनशे रुपयांचा थर्मामीटर घेऊन एकदा मोजा आणि डायलवर खूण करा. पंखा बुडाशी असलेल्या गोल यंत्रात खालचा ट्रे करपतो आणि वरचा ओला राहतो, दर तीन तासांनी जागा बदलाव्या लागतात. पंखा पाठीमागे असलेले चौकोनी यंत्र महाग, पण त्यात एकदा ट्रे फिरवला की झाले. आणि बटणांच्या पाटीचे घेऊ नका, फिरवायच्या डायलचे घ्या. वीज गेली की पाटीवाले यंत्र बंद होते आणि आल्यावर आपोआप सुरू होत नाही. पावसात रात्री दोन वाजता वीज गेली तर सकाळी अर्धवट ओले काप आंबलेले सापडतात. डायलचे यंत्र जिथे थांबले तिथून पुढे चालते. 500 वॅटच्या यंत्राला बारा तासांत आमच्या मीटरवर सुमारे चार युनिट पडले.

जवसाची चकती अशी करा: 200 ग्रॅम जवस 400 मिलिलीटर पाण्यात चार तास, बुळबुळीत होईपर्यंत भिजवा. वरून पाणी काढायचे नाही, तोच चिकटपणा चकती धरून ठेवतो. एक वाटलेला टोमॅटो, दोन हिरव्या मिरच्या, पाऊण चमचा मीठ घाला. सिलिकॉनच्या पत्र्यावर तीन मिलिमीटर जाड पसरा, कडा मध्यापेक्षा किंचित जाड ठेवा, कारण कडा आधी वाळतात. पाच तासांनी उलटून जाळीवर टाका आणि सुरीने खुणा करा. मोडताना कट्‌ असा आवाज आला पाहिजे. वाकली तर अजून तास-दीड तास. गार झाल्यावर दहा मिनिटांत घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात भरा. जुलैत तासभर उघडी राहिली की मऊ पडते. बेळगाव तालुक्यातल्या रताळ्यांचे कापही याच रीतीने छान होतात, फक्त कापून अर्धा तास पाण्यात ठेवा म्हणजे पिठूळपणा उतरतो.

मोडांसाठी यंत्र घेऊ नका. काचेची बरणी आणि वर स्टीलची जाळी पुरे, तिरकी उपडी ठेवायची. पावसाळ्यात पंचा ओलाच राहून वास धरतो, म्हणून तेव्हा बरणी. उन्हाळ्यात पंचा गारवा देतो, तेव्हा पंचा. 100 ग्रॅम मूग आठ तास भिजवा, दिवसातून तीनदा धुवा. मोड मेमध्ये चौदा तासांत येतात, जानेवारीच्या थंडीत तीस तास लागतात. हुलग्याला दोन दिवस. चिकट लागले किंवा आंबूस वास आला तर सगळे टाकून द्या. कोमट ओलाव्यात जंतूही तेवढ्याच वेगाने वाढतात, म्हणून लहान मुले, गरोदर बाई आणि म्हातारी माणसे यांना मोड वाफवूनच द्या. राजमा आणि पावटा कच्चे कधीच नाहीत.

दुधीच्या रसाबद्दल हात जोडून सांगतो: ज्यूसरमध्ये घालण्याआधी प्रत्येक दुधीचा तुकडा जिभेवर ठेवून बघा. कडू लागला तर थुंका आणि तो दुधी फेकून द्या. कडवटपणा कुकुरबिटासिनचा असतो, त्याने रक्ताच्या उलट्या होऊन माणसे दगावली आहेत. बाकीच्या गोड भाज्यांत मिसळले की चव झाकली जाते, विष तसेच राहते.

कापण्यासाठी विळीच. कोबी विळीवर जितका बारीक होतो तितका महागड्या स्लायसरवर होत नाही. फक्त पाते स्टेनलेसचे घ्या, लोखंडी पात्याने केळफूल आणि सफरचंद काळे पडते. नूडल्स काढायचा स्पायरलायझर काकडी-गाजरासाठी महिनाभर वापरला गेला, आता कपाटात आहे.

चंदगड-खानापूरकडचे काजू कच्चे म्हणून घेणाऱ्यांनी एवढे जाणून घ्यावे की टरफलातले तेल कातडी भाजते, म्हणून फोडण्यापूर्वी बी वाफवतात किंवा भाजतात. काटेकोर नियम पाळणाऱ्यांनी काजूऐवजी तीळ किंवा ओले खोबरे वापरावे. आणि दूध-दहीही सोडले असेल तर बी-12 रक्तात तपासून घ्या, ते कुठल्याही रसातून मिळत नाही.

आत्ता एप्रिलमध्ये खरेदी करणार असाल तर मिक्सर आणि बरणी घ्या, मेअखेरपर्यंत कैरी आणि टोमॅटो गच्चीवर वाळवा. ड्रायर मेच्या शेवटच्या आठवड्यात आणा आणि पाऊस लागण्याआधी दोनदा रिकामा चालवून थर्मामीटरने मोजून ठेवा.