जेथ्रो टलचा 'स्टॉर्मवॉच': सोलापूरच्या उन्हात ऐकलेला थंडीचा अल्बम

जेथ्रो टल हा ब्रिटिश रॉक बँड, आणि 'स्टॉर्मवॉच' हा त्यांचा अल्बम. कुणी तो कॉन्सेप्ट अल्बम म्हणून सांगितला असेल तर सलग एक गोष्ट शोधत बसू नका, ती नाहीये. १९७९ ची रेकॉर्ड, दहा गाणी, आणि बहुतेकांवर एकच सावट, समुद्र, तेल, वादळ, थंडी. मी हिवाळ्यात चालू केला, अख्खा उन्हाळा त्याच्यावर काढला आणि आता ढगांकडं बघत लिहितोय.

पहिलंच 'नॉर्थ सी ऑइल'. ब्रिटनच्या समुद्रातलं तेल १९७५ ला यायला लागलं, सगळे खुशीत, आणि हा बँडचा म्होरक्या, गायक इयन अँडरसन बासरी घेऊन चिमटे काढतोय. जेमतेम तीन मिनिटं, पण ताल असला आडवातिडवा की पाय कुठं आपटायचा कळत नाही. बॅरीमोर बार्लोचे ड्रम म्हणजे पॉवरलूमच्या शेडवरून जाताना कसं, सगळे माग खटखट चालू आणि मधला एकच आपल्या वेगळ्या लयीत, तसं. लै भारी.

पण खरी गंमत 'समथिंग्ज ऑन द मूव्ह'ची. ते बर्फ चालून येतोय असं गाणं आहे, सत्तरच्या दशकात नवं हिमयुग येणार अशा बातम्या छापून यायच्या ना, त्यातलं. (शास्त्रज्ञांचे बरेच पेपर तेव्हाही गरमीकडंच बोट दाखवत होते, ते वेगळं.) आणि मी ते ऐकतोय मे महिन्यात, दुपारी, कूलरमध्ये पाणी ओतत! मित्र म्हणतो अंदाजच उलटा निघाला, अल्बम बाद. मला नाही पटत बुवा. हवामानाची दिशा चुकली, माणसाची हाव कुठं चुकलीये? आपल्याकडं होटगीजवळ १३२० मेगावॅटचं कोळशावरचं केंद्र, त्याला पाणी उजनी धरणाचं, शहरालाही उजनीचं, आणि उन्हाळाभर आपण उजनी प्लसमध्ये का मायनसमध्ये, म्हणजे वापरायचं पाणी उरलंय का संपलंय, एवढंच विचारत बसतो. हे डोक्यात ठेवून नऊ मिनिटांचं 'डार्क एजेस' ऐका, मग बोला. नान्नजचं माळढोक अभयारण्यसुद्धा १९७९ चंच, आणि आता तिथं माळढोक दिसला तर त्याची बातमी होते.

बास गिटारकडं कान द्या. बँडचा बासवाला जॉन ग्लासकॉक आजारी होता, 'ओरायन', 'फ्लाइंग डचमन' आणि 'एलेजी' एवढ्याच तीन गाण्यांत तो आहे, बाकी बास अँडरसननं स्वतः वाजवलाय. वाईट नाही, पण सरळसोट. 'फ्लाइंग डचमन'मध्ये बास कसा मोकळा फिरतो ते ऐकलं की फरक लगेच कळतो. अल्बम सप्टेंबरला आला आणि नोव्हेंबरला ग्लासकॉक गेला, वय २८. 'एलेजी' शब्दांशिवायची आहे, ती मी आता सहज म्हणून लावत नाही.

'डन रिंगिल' छोटं आहे, अकूस्टिक गिटार, आणि सुरुवातीला आवाज कुणाचा तर टीव्हीवर हवामान सांगणाऱ्या फ्रान्सिस विल्सनचा! असली कल्पना सुचायला डोकं लागतं. 'होम' मात्र गोडमिट्ट, आणि 'वॉर्म स्पोरन' मी सरळ पुढं ढकलतो.

ऐकायचाच तर स्टीव्हन विल्सनचं २०१९ चं रीमिक्स घ्या, वाद्यं सुटी सुटी ऐकू येतात. फक्त मोबाईलच्या स्पीकरवर नको, बास पार गायब होतो. आणि 'केल्पी' नावाचं गाणं शोधा, याच रेकॉर्डिंगच्या वेळचं, मूळ अल्बममध्ये घेतलंच नव्हतं, नंतर बोनस म्हणून आलं. ते बाहेर ठेवून 'वॉर्म स्पोरन' आत का घेतलं, हे अँडरसनच जाणे.