आरा मशीनच्या भागीदारीत ५ लाख १५ हजार गेले, वाचा आणि सावध राहा

उत्तर गडचिरोलीत धानाच्या पट्ट्यात राहतो. बायकोच्या गावचा एक माणूस, "जावईबापू, बंद पडलेल्या आरा मिलचं (लाकूड कापायच्या गिरणीचं) लायसन हातात आहे, जागा तुमची, मशीन माझी, निम्मं निम्मं" म्हणत घरी येऊ लागला. सागवानाचा इलाका आहे आपला, त्यात सासरचा माणूस, कोणीही विश्वास ठेवला असता. ३,५०,००० आरटीजीएस केले, १,२५,००० नगदी दिले (नगदी देऊच नका, पुरावा राहत नाही) आणि थ्री फेज विजेच्या डिपॉझिटचे म्हणून ४०,०००.

लायसनचा झेरॉक्स त्यानं दाखवला तेव्हाच खरं तर सगळं समोर होतं. नाव तिसऱ्याचंच, गाव दुसऱ्या तालुक्यातलं, रिन्यूअलचा शेवटचा शिक्का कितीतरी जुना. मी विचारलं पण, तर म्हणे शिफ्टिंगची ऑर्डर साहेबांच्या सहीला आहे, आणि लगेच मशीनच्या फाउंडेशनचं माप सांगायला लागला. तो झेरॉक्स आठवला की अजून डोकं फिरतं. सुप्रीम कोर्टाच्या १९९६ आणि २००२ च्या आदेशांपासून नवीन आरा मिल अशी उघडता येत नाही, केंद्राच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी राज्यस्तरीय समितीची मंजुरी लागते, हे मला नंतर वकिलानं सांगितलं. शेतकऱ्याला हे कोण सांगतं आधी?

शेड झाली, बँडसॉ (पट्ट्याची करवत मशीन) आणि ट्रॉली आली, आणि एक दिवस मशीनचा खरा मालक गाडी घेऊन दारात, भाडं थकलं म्हणून उचलून नेली. तेव्हापासून याचा फोन बंद.

पोलीस ठाण्यात म्हणतात व्यवहाराचा मामला आहे, दिवाणीत जा. अरे खोटं लायसन दाखवून पैसे घेतले ती फसवणूक नाही तर काय? अर्जाची पोच मागितली तर उद्या या, साहेब बंदोबस्तात आहेत. वनवाल्यांकडे गेलो तर लायसन खरं की खोटं ते सांगायचं सोडून उलट मलाच, शेड कोणाच्या परवानगीनं उभारली? ज्यानं पैसे खाल्ले तो मोकळा फिरतो आणि नोटीसची धमकी मला! दिवाणीत म्हणाल तर ५०० च्या स्टॅम्पवरची भागीदारी नोटरी केलेली, फर्म म्हणून रजिस्टर नाही, वकील म्हणतो अशा फर्मच्या करारावर भागीदाराला दावा लावणंच कठीण. फर्म रजिस्टर झाल्याशिवाय पैसे देऊ नका, आणि लायसन नंबर वन कार्यालयात स्वतः जाऊन लेखी विचारा.

वडसा, कुरखेडा, ब्रह्मपुरी भागात तोच झेरॉक्स आणखी कोणाला दाखवला असेल तर मला कळवा, सोबत तक्रार देऊ. एकट्याची कोणी घेत नाही.